पायाला मुंग्या आल्या, हे इंग्रजीत कसं सांगाल?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. रोज एक इंग्रजी शब्द पाठ केला, तर इंग्रजी येतं का? पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्यातली अडचण मी एकतीस वर्षं वर्गात उभी राहून पाहिली आहे.

प्रश्न: बाई, मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वय २९, मूळची लातूर जिल्ह्यातली, शाळा मराठी माध्यमाची. गेल्या वर्षीच्या पाडव्यापासून मोबाइलवर रोज ‘आजचा शब्द’ येतो. तो मी वहीत लिहिते आणि पाठ करते. एक दिवस चुकवलेला नाही, वहीत ४१२ शब्द झालेत. मागच्या आठवड्यात नाइटला एक परदेशी विद्यार्थी ॲडमिट होता. तो म्हणाला, “आय हॅव पिन्स अँड नीडल्स इन माय फूट.” मला वाटलं, सलाईनची सुई टोचतेय. मी त्याचा हात तपासत राहिले आणि तो पाय दाखवत राहिला. शेवटी सीनियर सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, त्याच्या पायाला मुंग्या आल्यात.” माझ्या ४१२ शब्दांत हे कुठेच नव्हतं. खूप रडू आलं. वही बंद करू का? आणि बाई, मला ‘तू’च म्हणा.

उत्तर: अगं, वही अजिबात बंद करू नकोस. रात्रपाळ्या सांभाळून ४१२ दिवस एकही खाडा न करता लिहिणं ही साधी गोष्ट नाही. वही तीच ठेव, तिच्यात येणारे शब्द बदल.

तू शेवटच्या दोन पानांचे फोटो पाठवलेस ते पाहिले. सेरेंडिपिटी, एफेमरल, युबिक्विटस, क्विंटेसेन्शियल. पुढेमागे वाचनात आले, तर तू ते ओळखशील, आणि तेवढं पुरे आहे. पण रात्री अडीच वाजता वॉर्डात यातला कुठला शब्द तुला हाताशी लागणार? ज्या शब्दाची दिवसभरात एकदाही गरज पडत नाही, तो कितीही घोकला तरी टिकत नाही. त्यात तुझ्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही. तुझे शब्द कुणीतरी दुसऱ्यानेच, तुझा दिवस कसा जातो हे न बघता निवडले होते.

मलाही हे वर्गातच कळलं. माझं शिक्षण सातारा जिल्ह्यातल्या एका गावात झालं. पहिलीपासून इंग्रजी हे २००० सालानंतरचं. आमच्या वेळी ए-बी-सी-डी पाचवीत सुरू व्हायची. शिक्षिका झाल्यावर मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक शब्द लिहायला सुरुवात केली. कोश उघडायचा आणि क्रमाने घ्यायचे: अबँडन, अबेट, अबॉलिश. मुलं इमानाने उतरवून घ्यायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारलं की पन्नासांच्या वर्गात दोन-तीन हात वर व्हायचे.

एका सकाळी सातवीतली एक मुलगी लंगडत वर्गात आली. चपलेचा अंगठा तुटलेला, पायाच्या अंगठ्याला रक्त. जखम धुऊन पट्टी बांधत होते, तर ती विचारते, “बाई, ठेच लागली याला इंग्रजीत काय म्हणायचं?” मला सांगता येईना. इंग्रजी घेऊन बीए केलं होतं, बीएड केलं होतं, आणि माझ्या मुलांच्या पायाला रोज होणारी गोष्ट मला इंग्रजीत माहीत नव्हती. रात्री मराठी-इंग्रजी कोशात ‘ठेच’ काढलं, तिथून इंग्रजी कोशात गेले, दोन-तीन शब्द पारखले आणि मग सापडलं. “आय स्टब्ड माय टो.” दुसऱ्या दिवशी ‘स्टब’ कोपऱ्यात लिहिला. तो वर्ग दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत तो शब्द कुणी विसरलं नाही.

तेव्हापासून नियम केला की शब्द मुलांनी आणायचा, मराठीत आणायचा, आणि इंग्रजी आपण मिळून शोधायचं. गोठा आला, चारा आला, खुरपणी आली. एका मुलाने ‘रवंथ’ आणला. गाय ‘च्यूज द कड’, हे सापडलं. पुढे विज्ञानाच्या तासाला रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी ‘रुमिनंट’ भेटला. आणि वरच्या वर्गात गेल्यावर ‘रुमिनेट’, म्हणजे एकाच गोष्टीवर मनात पुन्हा पुन्हा विचार करत राहणं. ज्या लॅटिन शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ रवंथ करणं हाच. आपणही म्हणतोच ना, त्याच त्या गोष्टीचा रवंथ करत बसू नकोस. गोठ्यातून आणलेल्या एका शब्दाने त्या मुलाला असा केवढा लांबचा शब्द मिळवून दिला! मोठ्या शब्दांच्या यादीतून तो आला असता, तर आठवडाभरही राहिला नसता.

आता तुझ्या वॉर्डाकडे येते. दुखण्याचे किती प्रकार आपण मराठीत वेगळे सांगतो, बघ. जखम ठणकते, तेव्हा इंग्रजीत ‘थ्रॉबिंग’. कमरेतून पायापर्यंत चमक जाते, ते ‘शूटिंग पेन’. पायाला पेटके येतात, ते ‘क्रॅम्प्स’. कापलेल्या जागी औषध लावल्यावर चुरचुरतं, ते ‘इट स्टिंग्ज’. हात लावू देत नाही इतकं हुळहुळतं, ते ‘सोअर’ किंवा ‘टेंडर’. छातीत जळजळतं, ते ‘हार्टबर्न’, आणि त्याचा हृदयाशी संबंध नाही हे तुला ठाऊकच आहे. मान अवघडली, तर ‘स्टिफ’. घशात खवखवतं, तर ‘स्क्रॅची’. मळमळतं, तर ‘नॉशस’. गरगरतं, तर ‘डिझी’. आपल्या पायाला मुंग्या येतात, इंग्रजी बोलणाऱ्याच्या पायाला टाचण्या आणि सुया. मुंग्या शब्दशः सांगितल्या असत्यास, तर तोही पलंगावर मुंग्या शोधत बसला असता. म्हणून त्या रात्रीचं मनाला लावून घेऊ नकोस.

हे सगळे शब्द मराठीत तू रोज ऐकतेस. म्हणजे यातला अवघड भाग, दुखणं ओळखण्याचा, तुला आधीच येतो. फक्त नाव जोडायचं राहिलंय.

दुसरी गोष्ट. तुझ्या वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द, मध्ये रेघ आणि पलीकडे मराठी अर्थ आहे. एकट्या शब्दाचा बोलताना उपयोग होत नाही, कारण शब्द आपली सोबत घेऊनच येतो. ‘कडक’ घे. कडक चहा ‘स्ट्राँग’ असतो, कडक शिक्षक ‘स्ट्रिक्ट’, कडक इस्त्री ‘क्रिस्प’, कडक झालेला पाव ‘हार्ड’. वहीत ‘हार्ड: कडक’ एवढंच लिहिलंस, तर कँटीनमध्ये ‘हार्ड टी’ मागशील.

आणि आपलं ‘लागणे’! उचकी लागली, ‘ही हॅज गॉट हिकप्स’. धाप लागली, ‘ही इज आउट ऑफ ब्रेथ’. ठसका लागला, तर ‘चोक्ड ऑन इट’. भूक लागली, ‘ही इज हंग्री’. आणि “सिस्टर, आवाज करू नका, आत्ताच बाबांचा डोळा लागलाय”, हे नातेवाइकांचं रोजचं वाक्य इंग्रजीत ‘ही हॅज जस्ट डोझ्ड ऑफ’ असं होतं. त्यात डोळाही नाही आणि लागणंही नाही. मराठीत आपण गोळी खातो आणि औषध पितो, इंग्रजीत दोन्ही ‘टेक’ करतात. म्हणून वहीत शब्द लिहू नकोस, पुरतं वाक्य लिही. तुझ्या पेशंटने म्हटलेलं किंवा तू हँडओव्हर देताना म्हणशील ते.

आवाजाचंही तसंच. रोजच्या कामातलाच शब्द बघ. जखम म्हणजे ‘वूंड’, आणि ‘वाउंड’ म्हणजे गुंडाळलेलं. स्पेलिंग दोन्हींचं एकच. बँडेज ‘वाउंड’ होतं ते ‘वूंड’वर. अशा जागी स्पेलिंगवर विसंबू नकोस. मोबाइलमधल्या कोशात कर्ण्याचं चिन्ह असतं, ते दाबून दोनदा ऐक, मोठ्याने म्हण आणि मग वहीत देवनागरीत उच्चार लिहून ठेव.

उद्यापासून एवढंच कर. युनिफॉर्मच्या खिशात एक छोटी डायरी ठेव. ड्युटीवर जिथे इंग्रजी अडेल, तिथे अडलेली गोष्ट मराठीत लिहून घे, “नस सापडत नाही”, “टाके ओले ठेवू नका”, जे असेल ते. घरी गेल्यावर त्यातली एकच गोष्ट निवडून तिचं इंग्रजी वाक्य शोध. आणि पुढच्या ड्युटीला ते वाक्य मुद्दाम एकदा तोंडाने वापर. पेशंट नसेल तर त्या सीनियर सिस्टरांशी वापर. त्यांनी तुला ‘पिन्स अँड नीडल्स’ सांगितलं, त्या आणखीही सांगतील. दोन महिन्यांनी डायरी घेऊन मला पुन्हा लिही, मी वाट पाहते.

प्रश्न: बाई, मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यमात. तिच्या शिकवणीत रोज दहा इंग्रजी शब्द स्पेलिंगसकट पाठ करायला देतात. दुसऱ्या दिवशी चुकले, तर वीस वेळा लिहायचे. मुलगी आता इंग्रजीचं पुस्तक बघितलं तरी रडते. नववीतल्या मुलासाठीही काही सुचवा. (एक पालक, नांदेड)

उत्तर: आधी मुलीचं. वीस वेळा लिहिणं आजच थांबवा, शिकवणीत जाऊन स्पष्ट सांगा. रडत लिहिलेल्या शब्दातून मुलीला भीतीच शिकायला मिळते, आणि ती भीती पुढे दहावीपर्यंत सोबत येते. मी अशी मुलं पाहिली आहेत, तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

दहा शब्द कशासाठी, हाही प्रश्न विचारा. ज्या काळात सगळीकडे घोकंपट्टी चालत होती, त्या काळात ढाक्यात मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक-अधिकारी बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं, याचा विचार करत होते. मुलांना थोडेच, पण सर्वांत जास्त लागणारे शब्द आधी द्यावेत आणि तेच पुन्हा पुन्हा भेटतील असं बघावं, असं त्यांना वाटे. १९३५ साली त्यांनी शिकणाऱ्यांसाठी एक कोश काढला. त्यात सुमारे २४,००० शब्दांचे आणि वाक्प्रचारांचे अर्थ फक्त १,४९० सोप्या शब्दांत समजावले होते. १९५३ साली त्यांची साधारण २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुराचा सुमारे चार पंचमांश भाग अशा दोन हजार शब्दांतच असतो. तुमच्या मुलीला दिलेल्या दहा शब्दांत ‘ऱ्हिनोसेरॉस’ आणि ‘झायलोफोन’ आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ‘अंडर’, ‘बिहाइंड’, ‘बॉरो’, ‘एम्प्टी’ तिला येतात का, ते आधी बघा.

तिला रोज एकच शब्द द्या, आणि तो घरात हाताला लागणारा असू द्या. डबा ‘एम्प्टी’ आहे, मांजर दाराच्या ‘बिहाइंड’ आहे. स्पेलिंग एकदा लिहिलं तरी चालेल. आणि तिचं मराठी वाचन अजिबात कमी करू नका. ज्या मुलाला ‘बाष्पीभवन’ मराठीत समजलंय, त्याला ‘इव्हॅपोरेशन’ समजायला एक तास पुरतो. ज्याला ते कोणत्याच भाषेत समजलं नाही, त्याच्याकडे फक्त एक स्पेलिंग असतं.

तिला एक गंमतही सांगा. ‘मुंगूस’ला इंग्रजीत ‘मंगूस’ म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजीने मराठीतूनच घेतलाय, इंग्रजी कोशांत तसं छापलेलं आहे. आमच्या वर्गात हे सांगितल्यावर मुलं बाकावरून उठून उभी राहिली होती. अनेकवचन ‘मंगूसेस’ होतं, ‘गूस’चं (हंसासारख्या पक्ष्याचं) ‘गीस’ होतं तसं ‘मंगीस’ होत नाही, हेही त्यांनी लगेच पाठ केलं, कुणी न सांगता.

मुलगा नववीत आहे, म्हणजे संस्कृत घेतलं असेल किंवा निदान उपसर्ग झाले असतील. त्याला जुना श्लोक आठवून द्या: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ एकाच धातूला वेगळा उपसर्ग लागला की प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे पाच निराळे अर्थ होतात. इंग्रजीतही तसंच चालतं. ‘पोर्ट’मध्ये वाहून नेण्याचा अर्थ आहे. आत आणलं की इम्पोर्ट, बाहेर नेलं की एक्स्पोर्ट, पलीकडे नेलं की ट्रान्सपोर्ट, उचलून नेता येतं ते पोर्टेबल. ‘स्पेक्ट’मध्ये बघणं आहे. आत डोकावून बघितलं की इन्स्पेक्ट, मागे वळून बघण्यातून रिस्पेक्ट. त्याने एका दिवशी एक मूळ घ्यावं आणि आठवडाभर त्याचे भाऊबंद पाठ्यपुस्तकात शोधत राहावं. रोज नवा शब्द घेण्यापेक्षा त्याच्या वयाला हे जास्त लाभेल.

प्रश्न: बाई, मी इचलकरंजीचा. वय ७१, सूतगिरणीतून निवृत्त. नातू सहा वर्षांचा, मेलबर्नला असतो. मराठी त्याला समजतं थोडं, बोलतो इंग्रजीतच. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. मागच्या वेळी त्याने तोंडात बोट घालून “वॉब्ली, वॉब्ली” असं काहीतरी उत्साहाने सांगितलं. मी नुसता हसलो. मलाही रोज एक शब्द शिकायचाय, पण सकाळचा शब्द संध्याकाळी आठवत नाही. या वयात जमेल का?

उत्तर: काका, जमेल. विसरण्याचं आधी सांगते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती आठवतात, ते मोजायचं. ते निष्कर्ष त्याने १८८५ साली छापले. पाठ केल्यानंतर पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त विसरलं जातं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. तेव्हा तो पस्तिशीचा होता. सकाळचा शब्द संध्याकाळी जातो, तो तेव्हा त्याचाही जात होता.

यावरचा उपाय घरातल्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात आहे. झेबास्टियान लाइटनर या विज्ञान-पत्रकाराने १९७२ साली तो लोकांपुढे मांडला. खोक्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं कापा. एका बाजूला इंग्रजी, मागे मराठी. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, पुढचे आणखी लांबवून. अर्थ आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला की सरळ पहिल्यात. जे येतं त्यावर वेळ जात नाही, आणि जे निसटतं ते रोज समोर येतं. तुम्ही गिरणीत इतकी वर्षं काढलीत, माल वेगळा करून कप्प्यात लावायचं तुम्हाला वेगळं शिकवायला नको. रोज दहा मिनिटं, चहानंतर.

शब्द मात्र नातवाकडूनच घ्या. त्याच्या शाळेतले, डब्यातले, भांडणातले. आणि दर रविवारी त्याला बदल्यात एक मराठी शब्द द्या, म्हणजे देणंघेणं बरोबरीचं राहील. त्याच्याकडेही एक खोकं असलं, तर आणखी छान.

पहिलं कार्ड मी सांगते. ‘वॉब्ली’ म्हणजे डुगडुगणारं. त्याचा दुधाचा दात हलतोय, काका, तेच तो तुम्हाला दाखवत होता. टेबलाचा एक पाय आखूड असला, की टेबलही ‘वॉब्ली’. या रविवारी फोन लागला की आधी तुम्हीच विचारा, “इज युअर टूथ स्टिल वॉब्ली?” आणि मग त्याला ‘डुगडुगणे’ म्हणायला लावा. पडलेला दात आपल्याकडे पोरं कौलावर का टाकायची, तेही त्याला सांगा. तोवर तो दात पडलेला असेल, तर ‘इट केम आउट’ हे दुसरं कार्ड.